डोळे मिटल्यावर नक्की करायचं काय? प्राणधारणेचे सुरुवातीचे सराव

शमीपत्र

चक्रांवरच्या (शरीरातली ऊर्जाकेंद्रं म्हणतात ती) जुन्या धाग्यात बऱ्याच जणांची एकच तक्रार होती. वाचून झालं, व्हिडिओ बघून झाले, पण डोळे मिटून बसलं की पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून हा वेगळा धागा, श्वासावर आणि शरीरात लक्ष टिकवायच्या सरावांचा. मी योगवर्ग घेते, गुरू वगैरे नाही. इथे लिहितेय ते घरी एकट्याने करता येईल आणि अंगाशी येणार नाही एवढंच. कुंडलिनी (शरीरात सुप्त मानलेली शक्ती) जागृती, शक्तिपात (गुरूने शिष्यात शक्ती जागवणं), दुसऱ्यावर उपचार हे विषय इथे कृपया नकोत.

मांडी घालून गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीत बसा, फक्त तळपाय जमिनीवर पूर्ण टेकू द्या. जेवल्याजेवल्या बसू नका. सुरुवातीला श्वासात काही बदल करायचा नाही. नाकपुडीच्या कडेला आत जाताना गार आणि बाहेर येताना कोमट लागतं, तेवढंच बघत राहा. थोड्या वेळाने उच्छ्वास आपोआप लांबतो, तो लांबू द्या. श्वास रोखायचा नाही. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, समोर बसून शिकवणाऱ्याकडूनच शिकावा. हठयोगप्रदीपिका या ग्रंथात स्वात्मारामाने म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळूच वश होतात तसाच वायूही. घाई केली तर तो साधकाचाच घात करतो. पंधराव्या शतकातला हा माणूस एवढं बजावतोय तर ऐकू या.

आता तळहात. दोन्ही हात एकमेकांवर घासा, ऊब आली की छातीसमोर वीतभर अंतरावर समोरासमोर धरा. खांदे सैल. हात सावकाश जवळ आणा, पुन्हा लांब न्या. बहुतेकांना मुंग्या, ऊब, किंवा मधे काहीतरी फुगीर असल्यासारखा दाब जाणवतो. छिगोंग या श्वास आणि हालचालींच्या चिनी पद्धतीतही नवख्यांना याच धर्तीचा सराव देतात. जाणवलं म्हणून हुरळून जाऊ नका. काही दिवसांनी हात न घासता करा: दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायचे, लक्ष फक्त उजव्या तळव्यात. तिथे काहीतरी बदलतं, आणि डावा हात बाजूलाच असून जणू नसतो. मग लक्ष डावीकडे न्या. पटत नसेल तर आत्ता हे वाचता वाचता डाव्या पायाचा अंगठा आठवा. क्षणापूर्वी तो होता का तुमच्या लेखी? माझ्या मते या विषयातलं नव्वद टक्के शिकणं इथेच आहे. लक्ष नेलं की तिथे काय घडतं हे ओळखू यायला लागलं की पुढचं सोपं.

ते जमलं की पाठीचा कणा. श्वास घेताना माकडहाडापासून भुवयांच्या मध्यापर्यंत एक बारीक उजेडाची रेघ वर येतेय, सोडताना खाली उतरतेय. रेघ दिसली नाही तरी चालेल, ती तिथे आहे असं मानून लक्ष वरखाली फिरवा. मोजके श्वास पुरेत. मग लक्ष छातीत आणून थांबा.

ज्यांना चित्रं बघायला आवडतात त्यांच्यासाठी घेरंडसंहिता या हठयोगाच्या ग्रंथातलं स्थूलध्यान आहे. आपल्या हृदयात अमृताचा समुद्र, त्यात रत्नांचं बेट, त्याच्या वाळूतही रत्नं, भोवती फुललेले कदंब, मधे कल्पवृक्ष, त्याखाली मणिमंडप, त्यात सिंहासन आणि त्यावर आपलं इष्टदैवत. बाहेरून आत येत जाणारं चित्र आहे हे. एका बैठकीत सगळं उभं करायचा अट्टाहास नको. माझ्या वर्गातली काही मंडळी नुसत्या समुद्रावरच रमतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

शेवट मात्र नीट करा, तो बहुतेक जण गाळतात. लक्ष बेंबीपाशी, तिथून तळपायांत. पायाची बोटं हलवा. तळहात घासून डोळ्यांवर ठेवा. उठल्यावर दोन घोट पाणी.

चक्रांच्या रंगांबद्दल जाता जाता. मूलाधार तांबडा, स्वाधिष्ठान केशरी, मणिपूर पिवळा ही इंद्रधनुष्याची उतरंड पश्चिमेकडे विसाव्या शतकात रूढ झाली. १५७७ च्या षट्चक्रनिरूपण या ग्रंथात मणिपुराच्या पाकळ्या पावसाळी ढगासारख्या गडद आहेत आणि आत लाल त्रिकोण आहे. तेव्हा 'माझं मणिपूर पिवळं दिसत नाही' म्हणून कोणी घाबरू नये.

घटप्रभा

छान लिहिलंय. पण मला काहीच दिसत नाही हो. समुद्र म्हटलं की 'समुद्र' हे अक्षर आठवतं, पाणी नाही. डोळे मिटले की काळं. आईचा चेहरासुद्धा दिसत नाही. माझ्यासाठी हे सगळं बाद का?

आडकित्ता

धागा रंगणार असं दिसतंय, पॉपकॉर्न घेऊन बसतो.

तोवर एक गोष्ट. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक प्रयोग केला. 'हात न लावता ऊर्जाक्षेत्र जाणवतं' म्हणणाऱ्या २१ उपचारकांना तिने पडद्याआडून हात पुढे काढायला लावले. नाणं उडवून ठरवायचं आणि त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हातावर आपला हात धरायचा. त्यांनी फक्त कोणत्या हाताजवळ तो आहे ते सांगायचं. २८० पैकी १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नुसता अंदाज ठोकला असता तर निम्मी आली असती! १९९८ साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं. तेव्हा दोन तळहातांमधला तो 'फुगीर दाब' म्हणजे काय, ते एकदा सांगाच ताई.

शमीपत्र

@आडकित्ता, या प्रयोगाशी माझं भांडण नाही. दुसऱ्याची ऊर्जा मला हाताने कळते असा दावा मी केलेला नाही, कोणी केला तर त्याला हीच परीक्षा द्यायला लावावी. माझ्या वर्गात कोणी 'शेजारीण बसली की माझी ऊर्जा खेचली जाते' म्हणालं तर मी विषय बदलते. दोन तळहातांमधला दाब हा माझ्याच हातांच्या त्वचेतून, स्नायूंतून आणि माझ्याच लक्षातून येतो. त्याला प्राण म्हणा नाहीतर आणखी काही, सराव तोच राहतो. परंपरेत तो सरावाच्या भाषेत सांगितलाय, मोजमापाच्या नाही.

@घटप्रभा, सविस्तर लिहिते, थांबा.

कडूनिंब

मी मानसोपचार क्षेत्रात आहे. घटप्रभा, तुम्ही सांगताय त्याला नाव आहे: अफँटेशिया. एक्सेटर विद्यापीठातल्या ॲडम झेमन यांनी २०१५ साली हा शब्द रूढ केला. तसं निरीक्षण मात्र जुनं आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८८० मध्येच लोकांना 'आज सकाळचं न्याहारीचं टेबल डोळ्यांसमोर आणा' असं विचारलं होतं, आणि काही हुशार हुशार माणसांना काहीच दिसत नाही हे बघून तो चकित झाला होता. हा आजार नाही. काहींना जन्मापासून असंच असतं आणि बाकीचे 'डोळ्यांसमोर आणतात' ते शब्दशः असतं हे त्यांना मोठेपणी कळतं.

घटप्रभा

अरेच्चा! म्हणजे तुम्हा लोकांना खरंच दिसतं?? मला वाटायचं ती बोलायची पद्धत आहे.

आजोळ

घटप्रभा, तुमच्यासाठी आपल्याकडे आधीच सोय आहे आणि ती बहुधा तुम्हाला पाठही असेल. रामरक्षा.

घरोघरी दिवेलागणीला आपण ती म्हणतो, बरेचदा एका श्वासात, गाडी पकडायची असल्यासारखी. पण तिची रचना नीट बघा. बुधकौशिक ऋषींचं नाव, छंद, देवता, विनियोग झाल्यावर 'ध्यायेदाजानुबाहुं' हा ध्यानश्लोक येतो. तो निव्वळ चित्राचा: गुडघ्यापर्यंत पोचणारे हात, त्यात धनुष्यबाण, बद्धपद्मासन, पिवळं वस्त्र, नव्या कमळाच्या पाकळीशी स्पर्धा करणारे डोळे, डाव्या मांडीवर सीता, पावसाळी मेघाचा वर्ण. ज्यांना दिसतं त्यांनी इथे थांबून बघावं.

ज्यांना दिसत नाही त्यांनी पुढे यावं, कारण पुढचं कवच स्पर्शाचं आहे. 'शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः'. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, कंठ, खांदे, बाहू, हात, हृदय, पोटाचा मध्य, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पोटऱ्या आणि शेवटी 'पादौ बिभीषणश्रीदः पातु रामोऽखिलं वपुः'. पावलांपर्यंत आलो आणि मग एकदम सगळं शरीर. प्रत्येक नावाला त्या अवयवावर थांबायचं, हवं तर बोट टेकवायचं. आमच्या घरी आजी तसंच म्हणायची. कान म्हटलं की कानाला हात. आम्हाला तो खेळ वाटायचा.

हे इतकं सावकाश म्हटलं की शमीताईंचा 'लक्ष उजव्या तळव्यात' वाला सराव डोक्यापासून पायापर्यंत आपोआप होतो. काही दिसायची गरजच नाही. आणि तुमची श्रद्धा असेल तर राम आहेच, नसेल तरी अवयव आहेतच.

शमीपत्र

आजोळताई, दंडवत. मी सविस्तर लिहिणार होते ते याहून चांगलं झालं.

त्याला एक जोड. संध्येतले आणि जपाआधीचे करन्यास, अंगन्यास हाच प्रकार आहेत: हृदयाय नमः, शिरसे स्वाहा, शिखायै वषट् म्हणत त्या त्या जागी हात नेणं. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी योगनिद्रा बसवली तेव्हा शरीरात लक्ष फिरवण्याचा भाग या न्यासावरूनच घेतला. त्यात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात असते. आज मोबाईलवरच्या ॲपमध्ये 'बॉडी स्कॅन' म्हणून जे मिळतं त्याला परकं समजायचं काहीच कारण नाही.

घटप्रभा, डोळ्यांनीच काही हवं असेल तर समईच्या ज्योतीवर त्राटक करून बघा. ज्योत डोळ्यांच्या रेषेत, हातभर किंवा थोडी जास्त लांब, पंखा बंद. थोडा वेळ बघून डोळे मिटले की आत ठसा उमटतो. तो कल्पनेतून येत नाही, डोळ्याच्या पडद्यावरचा असतो, त्यामुळे बहुतेकांना मिळतो. तो विरेपर्यंत बघत राहायचं. काचबिंदू, डोळ्याची शस्त्रक्रिया, फिट्स असा इतिहास असेल तर मात्र त्राटक नको.

निशिगंधा_न्यूजर्सी

इथे एका वर्गात 'संरक्षक कवच' शिकवलं होतं. स्वतःभोवती पांढऱ्या प्रकाशाचं अंडं कल्पायचं, म्हणजे दुसऱ्यांची निगेटिव्ह एनर्जी आत येत नाही. ऑफिसला जाताना रोज करायचे. सुरुवातीला बरं वाटलं. नंतर प्रत्येक माणूस निगेटिव्हच वाटायला लागला, लिफ्टमध्ये कोणी शिरलं तरी दचकायचे. मग त्यांनी 'ऑरा क्लीनिंग'चं पुढचं पॅकेज सुचवलं, तेव्हा सोडून दिलं. कवच हा प्रकार मुळातच चुकीचा आहे का?

आजोळ

चुकीचा कसा असेल? रामरक्षेतच 'वज्रपञ्जरनामेदं' आहे. वज्राचा पिंजरा! देवीकवच आहे, नारायणकवच आहे. पण त्यात फरक बघा. तिथे प्रत्येक ओळीत रक्षण करणारा कोण ते सांगितलंय, मन त्याच्याकडे जातं. शेजारच्या क्युबिकलमधल्या माणसाकडे नाही.

शमीपत्र

अगदी. भीतीने सुरू केलेला सराव भीतीच पक्की करतो. निशिगंधा, तुम्ही पांढरं अंडं पूर्ण बंद ठेवा आणि काही दिवस नुसते तळपाय करा. लिफ्टमध्ये उभ्या असताना दोन्ही तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श, टाच, चवडा, बोटं. इंग्रजी पुस्तकांत पायातून मुळं जमिनीत जाताहेत असं कल्पायला सांगतात. आवडत असेल तर तेही करा, पण आधी खरी जमीन जाणवू द्या.

आणि सुरुवातीच्या सरावांसाठी पॅकेज लागत नाही. लागतं असं सांगणाऱ्याला टाळा.

कोकणकडा

मी विपश्यनेतला. इगतपुरीला धम्मगिरीवर शिबिर केलंय. तिथे नेमकं उलटं: कल्पना नको, मंत्र नको, प्रकाश नको. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, नाकाखालच्या जागेतली संवेदना. नंतर शरीरभर जे आहे तेच बघायचं, बदलायचं नाही. गोयंका गुरुजी तर दुसरं काही मिसळूच नका म्हणायचे. मग उजेडाची रेघ ओढणं म्हणजे मनाला आणखी एक खेळणं देणं नाही का?

शमीपत्र

तुमच्या पद्धतीत ते बरोबरच आहे, आणि ती करत असाल तर यातलं काहीही करू नका. गंभीरपणे म्हणतेय. दोन्ही वाटा अर्ध्या अर्ध्या चालणारी माणसं कुठेच पोचत नाहीत आणि वर दोन्हींना नावं ठेवतात.

पण कल्पना म्हणजे खेळणंच, असं मला वाटत नाही. योगसूत्रांत धारणेची व्याख्याच 'देशबन्धश्चित्तस्य' आहे, म्हणजे चित्ताला एका जागी बांधणं. ती जागा नाकाचा शेंडा असेल किंवा हृदयातली ज्योत. विज्ञानभैरव या तंत्रग्रंथात ११२ धारणा आहेत. त्यात श्वास वळतो तो क्षण आहे, तसंच कल्पनेतलं बरंच काही आहे. एवढ्या वाटा द्याव्या लागल्या त्या माणसं वेगवेगळी असतात म्हणूनच.

शेवंता७

भीत भीत विचारते. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचला. कुंडलिनी नागाच्या पिल्लासारखी साडेतीन वेढे घालून निजलेली असते, आणि जागी झाली की शरीरातलं मांस, सप्तधातू सगळं खाऊन टाकते असं वर्णन आहे. माझी कण्याची रेघ करताना चुकून तसं काही झालं तर?

आजोळ

नाही होत हो. त्या ओव्यांच्या आधी माउलींनी काय काय सांगितलंय ते परत वाचा. वज्रासन, मग मूळबंध, जालंधर, वोढियाणा हे बंध. ती पंथराजाची, म्हणजे कुंडलिनी योगाची वाट आहे, आणि बाराव्या अध्यायात त्याच वाटेचे कष्ट सांगून ते भक्तीला सोपं म्हणतात. आपण खुर्चीत बसून थोडे श्वास वरखाली करतोय. तेवढ्याने नागाचं पिल्लू कूससुद्धा बदलणार नाही.

कडूनिंब

शेवंता यांची भीती आजोळ यांनी घालवली ते बरं केलं, पण दुसऱ्या टोकाबद्दलही बोलायला हवं.

ध्यानाने प्रत्येकाला शांतच वाटतं असं नाही. काहींना धडधड वाढते, जुन्या आघाताच्या आठवणी उसळतात, आपण आपल्या शरीराबाहेर आहोत किंवा भोवतालचं खोटं आहे असं वाटायला लागतं. ज्यांना पूर्वी सायकोसिस, बायपोलर किंवा तीव्र नैराश्याचा त्रास झाला आहे त्यांनी लांबलचक बैठका, रात्रजागरण, उपास असं एकत्र अजिबात करू नये. आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. 'आता ऊर्जा वाढली, गोळ्यांची गरज नाही' हे वाक्य मी पेशंटच्या तोंडून ऐकलंय, आणि त्याचे परिणाम निस्तरलेत. गोळ्या परस्पर बंद करू नका.

त्रास सुरू झाला तर डोळे उघडा, उभे राहा, थंड पाण्याने तोंड धुवा, कोणाशी तरी बाजारभावावर बोला. झोप कमी होऊनही उत्साह मावेनासा झाला, आवाज ऐकू यायला लागले, आपल्याला काही खास कार्यासाठी निवडलंय असं वाटायला लागलं, तर ती साधनेतली प्रगती समजू नका, लगेच डॉक्टर गाठा. सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

गर्भारपणात साधा श्वास आणि न्यास चालतो, श्वास रोखणं नाही.

पाणकावळा

वाचनखूण साठवली. मला दरवेळी झोप लागते, त्यावर काही?

शमीपत्र

झोपा. खरंच. झोप कमी पडत असेल तर शरीर आधी ती वसूल करतं. तरीही लागत असेल तर सकाळी करा, डोळे अर्धे उघडे ठेवून.

शेवंता७

आणखी एक. रेघ भुवयांमध्ये आली की कपाळात ठणका लागतो. आज्ञाचक्र उघडतंय का?

शमीपत्र

बहुधा तुम्ही मिटल्या पापण्यांखाली डोळे वर चढवून कपाळाला आठ्या घालताय. आरशासमोर बसून एकदा बघा, किंवा घरातल्या कोणाला तरी बघायला सांगा. डोळे खाली, मांडीकडे बघत असल्यासारखे सैल सोडा, जबडा सैल. तरीही ठणकत असेल तर रेघ कंठापर्यंतच न्या. भुवयांचं नंतर बघू. रोजच डोकं दुखायला लागलं तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या, आज्ञाचक्राच्या नावावर खपवू नका.

आडकित्ता

पॉपकॉर्न संपले आणि मी गुपचूप तळहातवालं करून बघितलं. उजवा हात गरम झाल्यासारखा वाटतोय. 'वाटतोय' हा शब्द अधोरेखित. घरात थर्मामीटर आहे, लावू का?

कडूनिंब

लावा की! हे मोजता येतं. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ शुल्त्झ यांनी १९३२ साली मांडलेल्या ऑटोजेनिक पद्धतीत 'माझा उजवा हात जड आहे, माझा उजवा हात ऊबदार आहे' हेच मनात म्हणायला लावतात. मन निवलं की बोटांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्वचा गरम होते. १९७० मध्ये अमेरिकेतल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर ग्रीन यांनी स्वामी राम यांच्यावर मोजणी केली. त्यांनी एकाच तळहाताच्या दोन ठिकाणच्या तापमानात फरक पाडून दाखवला होता. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं तेही योगक्रिया प्रयोगशाळेत तपासाव्यात म्हणून.

तापाचा थर्मामीटर मात्र नको, तो साधारण ३२-३५ अंशांच्या खाली दाखवत नाही आणि बोटं बरेचदा त्याहून गार असतात. खोलीचं तापमान मोजणारा, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला स्वस्तातला घ्या आणि टोक बोटाच्या पेराला चिकटपट्टीने लावा. आधी पंधरा मिनिटं नुसते बसा, आकडा स्थिर होऊ द्या. हात घासायचे नाहीत, नाहीतर घर्षणच मोजाल. एक दिवस सराव करून, एक दिवस तेवढाच वेळ पेपर वाचत बसून, दोन्ही आकडे लिहा. हाताला चहाचा गरम कप लागलेला नको. सिगारेट तर नकोच, निकोटीनने बोटं गार पडतात.

आडकित्ता

पेपरच्या दिवशी राजकारणाचं पान वाचलं तर बोटं आणखी गार पडतील, मग तुमचा सराव फुकट जिंकेल. क्रीडापान धरतो. सेन्सर मागवलाय, आकडे इथेच टाकतो.